सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात लेझीम

भाकरी थापताना माझे पाय हलतात. उजवा, डावा, उजवा, आणि चौथ्याला नुसता चवडा टेकवायचा. परवा अशीच ओट्यापुढे उभी राहून पायाने मोजत होते आणि तव्यावरची भाकरी करपली. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून म्हणाल्या, "आधी लेझीम खेळून घे माय, मग भाकरी कर. दोन्ही संगं होत नसतंय." रागाने नव्हे, हसत म्हणाल्या. पण मला मात्र एकदम माझे माहेर आठवले, आणि वाटले की हे सगळे एकदा लिहून काढावे.

मी फुलंब्रीला राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. आमचे हे रोज सकाळी बस धरून चिकलठाण्याला कंपनीत कामाला जातात. मुलगी शिकायला शहरात आहे, मुलगा घरी. माझा जन्म १९७७ चा. लेझीम शिकायला लागले २०२४ च्या जानेवारीत, तेव्हा मला सत्तेचाळिसावे चालू होते. ह्या वयात बायका गुडघ्याला तेल लावतात, मी त्याच गुडघ्यांना नाचायला लावले. कशासाठी, ते आधी सांगते.

माझे माहेर सिल्लोडच्या अंगाला, एका लहान गावात. १९८९ ची गोष्ट. मी सहावीत होते. प्रजासत्ताक दिनासाठी शाळेत मुलींचे लेझीम बसवायचे ठरले. बाईंनी उंचीने मुली निवडल्या, त्यात माझे नाव आले. मी घरी पळतच आले. संध्याकाळी दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) कामावरून आले, मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना म्हणाले, "माझी पोरगी नाचणार नाही. तिला भाषण द्या, कविता द्या, नाच देऊ नका." माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. मी रांगेत बसून पाहिले. पंचवीस-तीस लेझिमींचा आवाज एकदम येतो तेव्हा छातीत काहीतरी होते. ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको.

मग मी काय केले, तर सोड्याच्या बाटल्यांची बुचे गोळा केली, दगडाने ठोकून चपटी केली, खिळ्याने भोके पाडली आणि तारेत ओवली. तार एका काडीला बांधली. झाली लेझीम. गोठ्यामागे जाऊन वाजवत असे. आठ दिवसांनी दादांना ती सापडली. मला वाटले, आता मार बसणार. त्यांनी मारले नाही. लेझीम उचलली, जराशी हलवून पाहिली आणि घराच्या पत्र्यावर फेकून दिली. पावसाळ्यात ती तिथेच गंजली असेल. त्या दिवसापासून मी नाचाचे नाव काढले नाही. दादांनी मला दहावीपर्यंत शिकवले, त्या काळात गावातल्या किती मुलींना शिकवले कोणी? त्यामुळे त्यांच्यावर राग धरावा असेही वाटेना. पण का नाही म्हणाले, ते विचारायचे राहून गेले. पस्तीस वर्षे राहिले.

आता फुलंब्रीकडे येते. आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीची बैठक होते. जयंतीची मिरवणूक आपल्याला नवी नाही. पहिली सार्वजनिक जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली, तेव्हापासून शंभरीकडे चाललेली ही रीत आहे. पण अलीकडे मिरवणूक म्हणजे डीजे, आणि डीजेपुढे पोरे. बायका पांढऱ्या साड्या नेसून दोन रांगांत चालतात, घोषणा देतात, घरी येतात. २०२४ च्या जानेवारीतल्या बैठकीत माझी धाकटी जाऊ उठून म्हणाली, "ह्या वर्षी बायकांचं लेझीम पाहिजे." एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आयाबहिणींनी रस्त्यावर नाचणं बरं दिसतं का?" त्यावर आत्याबाई, वय ७१, मागून म्हणाल्या, "आणि पोरं नाचतात ते लई बरं दिसतं का?" सगळे हसले. ठरले.

शिकवायला गुरुजी मिळाले. शेजारच्या गावचे, शाळेतून पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एकच अट घातली. "तीन महिने रोज अर्धा तास. जयंतीच्या आठ दिवस आधी बोलावलं तर मी येणार नाही, आणि आलो तर तुमचे पाय मोडतील." शाळेतून जुन्या चौदा लेझिमी मागून आणल्या. पहिल्या दिवशी विहाराच्या अंगणात चौदा जणी होतो. दुसऱ्या आठवड्यात नऊ उरल्या. कुणाची कापसाची शेवटची वेचणी होती, कुणाच्या नळाला त्याच वेळी पाणी यायचे, एकीच्या घरी कुरकुर झाली. उरलेल्या नऊ जणींत सर्वांत लहान बावीस वर्षांची, सर्वांत मोठ्या अठ्ठावन्न वर्षांच्या.

लेझीम सगळ्यांनी पाहिलेली असते, हातात घेतलेली कमी जणींनी. लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या, आणि साखळीच्या मधोमध धरायला मूठ. डाव्या हातात दांडा, उजव्या हातात मूठ. पूर्वी ही तालमीतली वस्तू होती. धनुष्यासारखा वाकवलेला बांबू आणि दोरीच्या जागी जड साखळी, ती ओढून पैलवान दंड कमावत. नावही फारसीतले आहे, धनुष्य ओढण्याच्या सरावासाठी जे साखळीचे धनुष्य असे त्याचे. गुरुजी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव फार आदराने घेतात. त्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते. गुरुजींच्या बोलण्यात बर्लिन असे येते, जणू ते स्वतःच जाऊन आले आहेत.

मला वाटले होते, पहिल्याच दिवशी लेझीम खणखणेल. गुरुजींनी लेझिमी पोत्यातून काढल्याच नाहीत. पहिला पूर्ण आठवडा रिकाम्या हाताने. तोंडाने एक-दोन-तीन-चार आणि पायाने चालणे, बस्स. चाल चुकली की थांबायचे आणि टाळीवर परत. एकीने विचारले, "गुरुजी, हे तर अंगणवाडीतली पोरं पण करतात." गुरुजी म्हणाले, "पोरांना जमतं, तुम्हाला जमवावं लागंल. पोरगं पडलं तर उठतं. तुमचं अंग आता हिशेब मागतं."

ते खरे निघाले. दुसऱ्या आठवड्यात लेझीम हातात आली. पस्तीस वर्षांनी. मी हलवली आणि आवाज आला तो असा, जणू भांड्यांची पाटी जिन्यावरून खाली पडली. शाळेतला तो 'छन्' कुठेच नाही. मी जोर लावला, आवाज आणखी वाईट. दंड भरून आले. घरी जाऊन हात वर करून केस विंचरता येईना.

इथे मला एक गोष्ट शिकायला मिळाली आणि तिला तीन आठवडे लागले. लेझिमीचा आवाज हलवण्यात नसतो, थांबवण्यात असतो. हात सरकत राहिला की चकत्या एकमेकींवर घसरत राहतात आणि खळखळ होते. हात झटकन जिथल्या तिथे थांबला की सगळ्या चकत्या एकदम आदळतात, तोच तो 'छन्'. म्हणजे जोर खांद्यातून नको, मनगटातून हवा, आणि तोही शेवटच्या वितभर अंतरात. सूप पाखडताना आपण काय करतो? सूप भराभर हलवत नाही, वर नेऊन एक झटका देऊन थांबवतो, तेव्हा कोंडा उडतो. हे मी गुरुजींना सांगितले तर ते खूश झाले. म्हणाले, "चाळीस वर्षं मी पोरांना हेच सांगत होतो, पण सूप मला सुचलं नाही." त्या दिवशी मी घरी येऊन उगाच शेरभर ज्वारी पाखडली.

हुकूम सगळे हिंदीत. चार आवाज, आठ आवाज, आगे पाँव, पवित्रा, दो रुख, चौ रुख. आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या मावशींना 'दो रुख' ऐकू आले ते 'दोरखंड', आणि त्या पहिले दोन दिवस दोरखंड कुठे आहे ते शोधत होत्या. आठ आवाजात वाकायचे असते, गुडघ्याखाली लेझीम नेऊन पुन्हा सरळ व्हायचे. वाकताना कमरेतून वाकलो की पाठ धरते. गुडघे मोडून, मांड्यांवर भार घेऊन वाकले तर शंभर वेळा वाकता येते. ही काही नवी विद्या नाही, भातलावणीला आणि निंदणीला जाणाऱ्या बाईला ती माहीत असते, पण नाच म्हटला की आपण आपल्या अंगाला माहीत असलेले विसरून जातो.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझी टाच दुखू लागली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की खिळा घुसल्यासारखे. दहा-पंधरा पावले चालले की कमी. मी कोणाला सांगितले नाही. सांगितले की लोक म्हणणार, वय झाले, बस कर. शेवटी डॉक्टरीण बाईंना दाखवले. त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, पोटरी आखडली आहे, ती टाचेला ओढते. तुम्ही नाचता कुठे? मी सांगितले, विहारापुढच्या सिमेंटवर, अनवाणी. त्यांनी नाचू नका म्हटले नाही, याचे मला फार बरे वाटले. सिमेंट सोडून मातीवर खेळा म्हणाल्या. भिंतीला हात लावून, एक पाय मागे ताठ, टाच जमिनीला टेकलेली ठेवून पोटरी ताणायची, सकाळ-संध्याकाळ. खेळायच्या आधी पाच मिनिटे नुसते चालायचे. आणि उडी घेतली तर खाली येताना आधी चवडा टेकवायचा, मग टाच. मला वाटे, टाच आपटली की ठेका पक्का होतो. उलट आहे. टाच आपटली की ठेका उशिरा पडतो आणि हाडाला मार बसतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून विहाराच्या मागच्या मातीत खेळू लागलो. दीड-दोन महिन्यांत माझी टाच सुधारली. भिंतीला हात लावून उभी असले की शेजारीण विचारायची, "भिंत पडते का काय?"

ह्या सगळ्यात आनंद कधी आला, असे कोणी विचारील. खरे सांगते, पहिला महिना आला नाही. लाज आली, दुखणे आले, आणि 'हे कशाला अंगावर घेतले' असे दहा वेळा वाटले. मुलाने मोबाइलवर आमचे चित्रण करून दाखवले त्या दिवशी तर मी रडले. माझे खांदे कानाला लागलेले, जीभ दातांत धरलेली, आणि डोळे सारखे शेजारणीच्या पायावर. डोक्यात मी कशी नाचत होते आणि चित्रात कशी दिसत होते, यात जमीन-अस्मानाचा फरक. गुरुजींनीही ते पाहिले आणि एकच म्हणाले, "तुम्ही डोळ्यांनी नाचता. दुसरीचं पाहून पाऊल टाकलं तर ते तिच्या मागंच पडणार. हलगी ऐका."

आमच्या वस्तीतला एक तरुण हलगी वाजवतो, शिकलेला मुलगा आहे. त्याची हलगी चामड्याची, आता बहुतेक ठिकाणी फायबरची असते. चामड्याची हलगी आधी शेकावी लागते. तो कागद पेटवून तिच्यावर हलगी फिरवायचा, बोटाने वाजवून पाहायचा, आणि तेवढ्या वेळात आम्ही चालून घ्यायचो. गुरुजींनी त्याला ठेका निम्म्यावर आणायला लावला. इतका सावकाश की दोन ठोक्यांत श्वास घेऊन सोडता यावा. सावकाश नाचणे जलद नाचण्यापेक्षा अवघड असते, कारण जलद गतीत चूक झाकली जाते. त्या सावकाश ठेक्यावर एका संध्याकाळी मी मान वर केली, समोरच्या पिंपळाकडे पाहिले, आणि पाय आपले आपण पडत राहिले. नऊ लेझिमी एकदम थांबल्या आणि तो आवाज आला. छन्. अकरा वर्षांची असताना रांगेत बसून ऐकला होता तो. फरक एवढाच की आता मी त्याच्या आत उभी होते. कोणी काही बोलले नाही. हलगीवाला मुलगाच म्हणाला, "आता कसं!"

१४ एप्रिल २०२४ ची मिरवणूक मात्र फसली, हे कबूल केले पाहिजे. आमच्या मागे डीजेची गाडी लागली, तिच्या आवाजात हलगी बुडाली, आणि चौकात आमच्या नऊ जणींचे नऊ ठेके झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी कौतुक केले, पण आम्हाला आतून माहीत होते. घरी येऊन मी साडीच्या पिना काढत होते आणि वाटले, झाले, हौस फिटली. पण तसे झाले नाही. मे महिन्यात मावशींनीच निरोप पाठवला, "गुरुजींना बोलवा, माझे पाय आखडून राह्यले." जयंती संपली तरी आम्ही खेळत राहिलो. तेव्हापासून ते कोणाला दाखवण्यासाठी राहिले नाही.

माझी एक खोड मात्र जाईना. दो रुखात एकदा उजवीकडे वळायचे, एकदा डावीकडे. उजवीकडे मी वाऱ्यासारखी वळे. डावीकडे वळताना अर्धा ठोका मागे. त्या सुट्टीत माझी मुलगी घरी आली होती. तिला लेझीमपेक्षा माझी जिद्द पाहून गंमत वाटत होती. तिने मोबाइलवर आयर्लंड देशाचा नाच दाखवला. रांगेने माणसे उभी, छाती ताठ, दोन्ही हात अंगाशी चिकटलेले, आणि कमरेखाली पाय असे चालतात की डोळा ठरत नाही. बुटांच्या टोकाला आणि टाचेला कठीण तुकडा बसवलेला असतो, त्याने लाकडी फळीवर ताल वाजतो. आत्याबाई पाहून म्हणाल्या, "यांचे हात कोणी बांधले काय?" मुलगी म्हणाली, हात न हलवणे हीच तिथली शिस्त. १९९४ साली ज्या जानेवारीत आपल्या विद्यापीठाचे नामांतर झाले, त्याच वर्षी ३० एप्रिलला डब्लिन शहरात गाण्यांच्या मोठ्या स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' नावाने हा नाच झाला आणि तो जगभर पोहोचला. गरिबी आणि इंग्रजांचे राज्य त्या देशानेही सोसले. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथली दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. जिथे गेली तिथे हा नाच घेऊन गेली. आणि मुलीने सांगितलेली एक गोष्ट मला फारच आवडली. तिथे चाळिशी-पन्नाशीची माणसे, आयुष्यात कधी न नाचलेली, नव्याने शिकायला जातात, आणि त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या असतात, पोरांबरोबर नव्हे.

पण माझ्या उपयोगाची गोष्ट निराळी होती. त्या नाचात जी चाल उजव्या पायाने सुरू करून पुरी करतात, तीच लगेच डाव्या पायाने सुरू करून पुन्हा पुरी करतात. दोन्ही पायांना सारखेच यावे लागते. मी विचार केला, आपण घरात काय काय उजव्याने करतो? सगळेच. जिना उजव्या पायाने चढतो, हंडा उजव्या कमरेवर घेतो. डाव्या पायावर उभे राहायची त्याला सवयच नाही. मग मी दिवसातून जितक्या वेळा उजवीकडे वळेन त्याच्या दुप्पट डावीकडे वळायचे ठरवले. भांडी घासताना डाव्या पायावर उभी राहिले. हंडा डाव्या कमरेवर घेतला, दोनदा सांडला. दोन महिन्यांत अर्धा ठोका पाव ठोक्यावर आला. पूर्ण गेला नाही.

त्याच वर्षी बुद्ध पौर्णिमेनंतर आम्ही नऊ जणी औरंगाबादच्या लेण्यांना गेलो होतो, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, लेण्यांना मात्र अजून लोक औरंगाबाद लेणीच म्हणतात.) अजिंठ्याचा रस्ता आमच्या फुलंब्रीवरून जातो म्हणून तिकडे सगळे जातात, इकडे कमी. सातव्या लेण्यात आत गाभाऱ्यात, भगवान बुद्धांच्या मूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर, एक नाचणारी स्त्री कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेतलेल्या सहा स्त्रिया. दीड हजार वर्षांच्या आसपासचे काम. आम्ही हात जोडून उभ्या राहिलो आणि मग, खरे सांगते, सगळ्या जणी तिचे गुडघे पाहू लागलो. गुडघे मोडलेले आहेत! मावशी म्हणाल्या, "गुरुजी म्हणतात तेच." मला मात्र बैठकीतले ते वाक्य आठवले, आयाबहिणींनी नाचणे बरे दिसते का. ज्यांनी ते लेणे कोरले त्यांना बुद्धाच्या शेजारी ती बरी दिसली होती.

आता दादांचे सांगते. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन शहरात झाले आणि पट्टी सुटेपर्यंत ते माझ्याकडे राहायला आले. वय ७९. मी लेझीम खेळते हे त्यांना मी सांगितले नव्हते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, सून यायची वेळ आली, तरी बापाला सांगायला भीत होते. तीन दिवस सरावाला गेले नाही. चौथ्या दिवशी आत्याबाईच म्हणाल्या, "दादा, तुमची लेक आज पण खाडा करून राह्यली." दादांनी विचारले, कशाचा खाडा? माझ्या तोंडचे पाणी पळाले.

ते आले. काठी टेकत, काळा चष्मा लावून, विहाराच्या मागच्या ओट्यावर बसले. आम्ही चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, दो रुख केले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. हलगी ऐकत राहिले.

रात्री जेवणे झाल्यावर मी विचारले. "दादा, शाळेत मला का काढलं व्हतं लेझिमीतून?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझा आजा हलगी वाजवायचा. गावात कोणाचं लगीन असलं, कोणाचा सण असला की आपल्याला बोलवणं. बोलवणं म्हणजे हुकूम. मी सात-आठ वर्षांचा. आज्याच्या म्होरं नाचायचो. लोक पैसा फेकायचे, लांबून. मातीतून उचलायचा. हातात कोणी देत नव्हतं. मी चांगला नाचायचो बरं का. लोक म्हणायचे, हे पोरगं लई नामी नाचतं. आणि मग ताट लांब मांडायचे." जरा थांबले. "धम्म घेतला त्या साली आज्यानं हलगी चुलीत घातली. मला म्हणाला, आता कोणाच्या म्होरं नाचायचं नाही. आणि मग तू आलीस, लेझीम लेझीम करत."

मी म्हटले, "शाळेतलं तसं नव्हतं दादा."

"मला काय माहीत. मला गाव दिसत व्हतं, शाळा दिसत नव्हती."

आत्याबाईंनी मध्येच विचारले, "आणि आज काय दिसलं?" आत्याबाई अशाच आहेत.

दादा म्हणाले, "आज पैसा फेकायला कोणी नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "पण तू डावीकडं फिरताना मागं राहतीस."

मला हसू का रडू कळेना. पट्टी बांधलेला एक डोळा, दुसरा निम्मा दिसणारा, आणि माझा पाव ठोका त्यांना दिसला. मी सांगितले, दोन महिने डाव्या पायावर भांडी घासली तरी जात नाही. ते म्हणाले, "भांडी घासून काय व्हतंय. तू आधी मान फिरवतीस, मग खांदा, मग पाय. पाय आधी टाक. डाव्या पायाचं बोट जिकडं जायचं तिकडं वळवून टाक, बाकीचं अंग त्याच्या मागं येतं. मान शेवटी."

"आत्ता?"

"मग कधी? उद्या इसरशील."

रात्रीचे दहा वाजले होते. अंगणात मी लेझीम न घेता उभी राहिले. दादा खाटेवर बसले होते, त्यांनी खाटेच्या लाकडी माचावर दोन बोटांनी ठेका धरला. आधी सावकाश. साठ-सत्तर वर्षे ज्याने हलगी हातात घेतली नाही त्याची बोटे, पण ठेका असा की लोंबत नव्हता आणि पळतही नव्हता. मी उजवीकडे वळले. डाव्या पायाचे बोट आधी वळवले आणि टाकले. अंग मागून आले.

"परत," दादा म्हणाले.

परत वळले. आमचे हे झोपेतून उठून दारात आले. मुलगा मोबाइल घेऊन आला, मी त्याला हातानेच नको म्हटले. आत्याबाईंनी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून टाळी धरली, आणि दोन-तीन वळणांनंतर स्वतःच म्हणाल्या, "हळू वाजवा दादा, शेजारी झोपलेत." दादांनी बोटे हळू केली. थांबवली नाहीत.